पंक्चर काढता आल्याशिवाय सायकल मिळणार नाही

आधी गैरसोयी सांगते, म्हणजे कुणाची फेरी फुकट जायला नको. सायकल दुरुस्तीचं हे दुकान पुण्यात पेठेतल्या बोळात आहे, चारचाकी आत जात नाही. बसायला एक बाकडं, त्यावरही बहुतेक वेळा टायर पडलेले. फोन उचलला जाईलच याची खात्री नाही. तीन दिवस सांगितले की आठ धरून चालायचं. माझी सायकल अकराव्या दिवशी मिळाली, आणि त्यात माझे तीन हेलपाटे झाले. बिल वहीच्या पानावर. पाचातला एक तारा मी एवढ्यासाठी कापलाय. उरलेले चार मनापासून दिलेत.

सायकल माझ्या धाकट्या भावाची. स्वादुपिंडाच्या कॅन्सरनं चार महिन्यांत गेला, त्रेचाळिसाव्या वर्षी. वहिनीला ती दारात बघवेना म्हणून माझ्या गॅलरीत आली. चौदा महिने जुन्या चादरीखाली उभी होती. मी शाळेत नववीला गणित शिकवते. त्या चौदा महिन्यांत शाळा केली, स्वयंपाक केला, झाडांना पाणी घातलं; याहून जास्त काही केल्याचं आठवत नाही.

मग सोसायटीनं वॉटरप्रूफिंगसाठी गॅलऱ्या रिकाम्या करायला सांगितल्या. मी सायकल टेम्पोत घालून एका मोठ्या शोरूमला नेली. तिथल्या मुलानं खाली वाकूनसुद्धा न बघता सांगितलं, “मॅडम, जुनी आहे. चार हजार, तेही नवीन घेतलीत तर.” मी परत घेऊन आले. सीटखालच्या छोट्या पिशवीत काय राहिलंय ते बघताना टायर काढायचे दोन लिव्हर, एक ट्यूब आणि घडी घातलेलं वहीचं पान सापडलं. या दुकानाचं बिल. खाली पेन्सिलीनं लिहिलेलं, ‘मागचं चाक ६०० साठी तयार.’

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: माझा भाऊ ब्रेव्हे करायचा, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या; पुण्यात सगळे बीआरएम म्हणतात. ही शर्यत नाही, पहिला-दुसरा नंबर काढत नाहीत. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत आणि ६०० चाळीस तासांत पूर्ण करायचे. चारही एका हंगामात झाले की ‘सुपर रँडोनर’. वाटेतल्या ठरलेल्या ठिकाणी कार्डावर शिक्का घ्यायचा, नाहीतर एटीएमची पावती जपायची. मदतीची गाडी मागे घेऊन चालायचं नाही. काय बिघडेल ते आपलं आपण निस्तरायचं. त्याचे २००, ३०० आणि ४०० झाले होते.

दुकानातल्या मामांनी सायकल बघितली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “हे चाक मी बांधलंय. साहेब कुठायत?” मी सांगितलं. त्यांनी हात पुसले, रेडिओ बंद केला. नुसतं चाक फिरवत राहिले बराच वेळ. त्यांच्या वडिलांचं इथेच ताशी भाड्यानं सायकली देण्याचं दुकान होतं, पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे तेव्हा. कितीतरी गिऱ्हाइकं त्यांनी येता-जाता पाहिली असतील. मग त्यांनी सरळ कामाचं विचारलं, “ताई, सीटची उंची कुणाची धरू?”

मी विकायला आणली होती, निदान घरून निघताना तरी. “माझी,” मी म्हणाले.

काम काय झालं ते नीट लिहिते, कारण परीक्षण वाचणाऱ्याला तेच हवं असतं. दोन्ही टायर कडेनं तडकले होते, ते बदलले. चेन गंजली होती. हबमधलं, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यातलं, ग्रीस सुकून घट्ट झालं होतं, ते काढून नवीन भरलं. मागच्या चाकाचा आऊट, म्हणजे फिरताना डगमगणं, काढला. ब्रेकचे पॅड कडक झाले होते. सायकल मला जरा लांब पडते, हँडल जोडणारा स्टेम बदलावा लागेल, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. “लहान स्टेम टाकतो, महिनाभर चालवा. पाठ दुखली तर विका, मी गिऱ्हाईक देतो.” मजुरी १,२०० आणि सामान धरून एकूण ₹७,४०० झाले. काढलेलं सगळं जुनं सामान पिशवीत घालून परत दिलं. न मागता असं देणारा मेकॅनिक मी दुसरा पाहिलेला नाही.

सीटच्या दांड्यावर भावानं त्याच्या उंचीची खूण केली होती, काळ्या चिकटपट्टीची. सीट माझ्या मापाला आणायची तर खूण फ्रेमच्या नळीत जाणार, आणि जाताना घासून निघणार. मामांनी ती पट्टी सोलली, त्याच जागी बारीक सुईनं रेघ ओरखडली आणि दांडा खाली बसवला. रेघ आता आत आहे. बाहेरून दिसत नाही.

सायकल मिळाली असं मला वाटलं, पण मामांनी कुलूप लावून ती भिंतीशीच ठेवली. “पंक्चर काढून दाखवा.” बोळातल्या फरशीवर बसून मी मागचं चाक तीनदा काढलं आणि तीनदा बसवलं. पहिल्या वेळी पन्नास मिनिटं लागली, चेन कुठल्या दातावर घ्यायची तेच कळेना. हात काळे, साडीला वंगण, शेजारचे दुकानदार उभे राहून बघताहेत. तिसऱ्यांदा जमलं तेव्हा मामांनी एकच गोष्ट पुन्हा बजावली: नवीन ट्यूब घालण्याआधी टायर आतून बोटांनी चाचपायचा, सगळा, सावकाश. हायवेवर ट्रकच्या फुटलेल्या टायरच्या बारीक तारा पडलेल्या असतात. तार तशीच राहिली तर दुसरी ट्यूबही जाते.

मग रोज सकाळी सव्वापाचला निघायला लागले. आधी खडकवासल्यापर्यंत, नंतर डोणजे, पुढे पानशेत. कात्रजचा जुना घाट पहिल्यांदा चढले तेव्हा दोनदा उतरले. गुरुवारी चेनला तेल, शनिवारी टायरची हवा. पुढच्या आठवड्यात काय करायचं याचा विचार मी चौदा महिन्यांत पहिल्यांदा केला, तो टायरच्या हवेचा होता. दोनशेच्या ब्रेव्हेला नाव नोंदवायच्या आधी मामांना विचारलं. त्यांनी मागे दोन दिवे लावून दिले, एक बंद पडला तर दुसरा असावा म्हणून.

दोनशेची वाट सातारा रस्त्याची होती, पहाटे सहाला सुरुवात. खंबाटकीचा घाट बसूनच चढले. परतीला शिरवळ सोडून नीरेच्या पुलाजवळ आले आणि मागचं चाक फसफसलं. तीन पन्नास झाले होते. साडेसातची वेळ, पुण्याला ४५ किलोमीटर. ताशी १५ धरले तर तीन तास, म्हणजे हातात चाळीस मिनिटं. हिशेब माझा रोजचा आहे, पण कडेच्या मातीत गुडघे टेकून तो करताना घशाला कोरड पडली होती. चाक काढलं. टायर आतून चाचपला, कुठे काही नाही. पुन्हा चाचपला, उलट्या बाजूनं. बोटाला टोचलं. भुवईच्या केसाएवढी तार. दातांनी ओढून काढली.

तिथे मला रडू आलं, हेही लिहिते. भाऊ गेला त्या दिवशी आलं नव्हतं. हात चालू होते, ट्यूब बसत होती, आणि मी मोठ्यानं रडत होते, बाजूनं ट्रक जात होते. पस्तीस मिनिटांत चाक बसलं. खेड शिवापूरहून कात्रजच्या बोगद्याकडे चढताना पायात काही उरलं नव्हतं. सात अठराला शेवटचा शिक्का पडला.

सोमवारी शाळा सुटल्यावर कार्ड घेऊन दुकानात गेले. मामांनी ते चष्मा लावून बघितलं, दोन्ही बाजूंनी, आणि रेडिओशेजारी उभं करून ठेवलं. मग सायकलचं मागचं चाक उचलून फिरवलं आणि ब्रेकजवळ डोळा नेला.

“आऊट आलाय थोडा. तीनशे कधी आहे?”

पुढच्या महिन्यात, म्हटलं.

“मग ठेवून जा.”