मुलांची पोटगी: १४४ चा अर्ज की दिवाणी दावा?

मुलाच्या पोटगीसाठी वकिलाकडे गेलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "१२५ टाकून देऊ." म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं पोटगीचं कलम १२५. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ झालंय, तरी कोर्टाच्या आवारात अजून १२५ च म्हणतात. दुसऱ्या रस्त्याचं नाव सहसा आपणच काढावं लागतं. तो म्हणजे १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम २० खालचा दिवाणी दावा. मुलीसाठी मी दोन्हींतून गेले आहे. घरगुती हिंसाचाराचा कायदा हा तिसरा मार्ग, पण माझा त्याचा अनुभव नाही, म्हणून तो बाजूला ठेवते.

मागण्यापुरतं बोलायचं तर १४४ ला मुदत नाही. मूल अज्ञान, म्हणजे अठराच्या आतलं, आहे तोवर कधीही अर्ज करा. मात्र पैसे फार तर अर्जाच्या तारखेपासून मिळतात, त्याआधीचे गेले. दाव्यात मागच्या तीन वर्षांची थकलेली पोटगीही मागता येते. 'थांब, मोठी माणसं बसून मिटवतील' असं ऐकत ज्यांची वर्षं गेली, त्यांना हा फरक लगेच कळेल.

पण माझा कौल ठरला तो वसुलीत.

१४४ चा हुकूम हातात आला म्हणजे पैसे आले असं नाही. हप्ता थकला की वसुली अर्ज करायचा, आणि तो थकल्यापासून एका वर्षाच्या आत. वर्ष उलटलं की त्या महिन्याचं वॉरंट निघत नाही. हे समोरच्यालाही ठाऊक असतं. आमच्याकडे तारीख जवळ आली की दोन महिन्यांची रक्कम जमा व्हायची, पुढे शांतता. पासबुकात कोरे राहिलेले महिने मी पेन्सिलीने समासात लिहून ठेवायचे: जून, जुलै, ऑगस्ट. वॉरंट परत यायचं, त्यावर शेरा 'सदर इसम मिळून आले नाहीत'. अर्ज चालू असेल तर त्यानंतरची थकबाकी त्यातच धरता येते, वेगळा अर्ज लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय. पण तो अर्ज निकाली निघाला की पुन्हा दिवस मोजणं सुरू. मुलीच्या तापात, परीक्षेत, नोकरीच्या धावपळीतही ही तारीख आईनेच डोक्यात ठेवायची. याचा मला मनापासून राग येतो.

वर्ष चुकलं तर हक्क बुडतो का? नाही. पूंगोडी विरुद्ध थंगवेल (२०१३) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जुनी थकबाकी दिवाणी मार्गाने मागता येते. हे वाचलं आणि माझ्या मनात आलं, शेवटी दिवाणीतच जायचं असेल तर सुरुवात तिथूनच का करू नये?

दाव्याचा हुकूमनामा, म्हणजे दिवाणी कोर्टाचा अंतिम आदेश, झाला की दरखास्तीला, म्हणजे त्याच्या वसुलीच्या अर्जाला, बारा वर्षं मिळतात, आणि दरमहाच्या पोटगीत ती प्रत्येक थकलेल्या हप्त्यापासून वेगळी मोजली जातात. मे २०१६ चा हप्ता मे २०२८ पर्यंत वसूल करता येतो, मग मूल मधल्या काळात सज्ञान झालेलं का असेना. बाप पगारदार असेल तर आणखी एक गोष्ट. एरवीच्या कर्जवसुलीत पगाराला फारसा हात लावता येत नाही, पण पोटगीच्या हुकूमनाम्यात दोन तृतीयांशपर्यंत जप्ती होते. ती नोटीस घरी जात नाही, थेट पगार काढणाऱ्याकडे जाते. आमच्याकडे ती लागू झाली आणि समासातली पेन्सिल थांबली. शिवाय लग्न न झालेल्या, स्वतःचा खर्च भागवू न शकणाऱ्या मुलीला या कायद्यात अठरानंतरही हक्क आहे.

दावा हळू चालतो, हे मान्य. सरतपासणी, उलटतपासणी, न्यायाधीश साहेब रजेवर. १४४ मध्ये अंतरिम, म्हणजे निकालापर्यंतच्या तात्पुरत्या, पोटगीचा अर्ज शक्यतो नोटीस बजावल्यापासून साठ दिवसांत निकाली काढावा असं कायदाच म्हणतो. प्रत्यक्षात जास्त लागतात, तरी पैसा लवकर हलतो. घरात पुढच्या महिन्याचा किराणाच अडला असेल, किंवा बापाचा सगळा धंदा रोखीत असेल आणि तो फक्त अटकेलाच भीत असेल, तर १४४ बरं. आणि हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांच्याबाहेरच्या आईला १९५६ चा कायदा लागूच नाही, १४४ मात्र सगळ्यांना आहे. कोर्ट फीचं म्हणाल तर महाराष्ट्रात बाईला पोटगीच्या दाव्यात ती माफ आहे. मुलाच्या नावापुढे 'अ.पा.क. आई', म्हणजे अज्ञान मुलाच्या वतीने दावा चालवणारी पालक, म्हणून तुमचं नाव लागतं, एवढंच.

प्रत्येकीची परिस्थिती वेगळी, तुमचे वकील कागद बघून वेगळंही सांगतील. पण मूल लहान असेल आणि बाप पगारावर असेल, तर दाव्याचा मसुदा आधी करायला सांगा, निकड असल्यास जोडीला १४४. दोन्ही चालवता येतात. रजनेश विरुद्ध नेहा (२०२०) निकालाप्रमाणे एकात मिळालेली रक्कम दुसऱ्यात सांगावी लागते आणि ती वजा होते. उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र दोघांनाही द्यावं लागतं, तेव्हा त्याची पगाराची स्लिप किंवा निदान कंपनीचा पत्ता आत्ताच मिळवून ठेवा.