सोडत लागली, पण म्हाडाची नव्हे

मुंबईत सोडत म्हटली की म्हाडाच आठवते. त्यामुळे दारात आलेली दोन पोरं "काका, सोडतीत तुमचं नाव निघालंय" म्हणाली तेव्हा बायको आतूनच ओरडली, "अहो, ओटीपी सांगू नका!" प्रकरण वेगळंच निघालं. भांडुप स्टेशनकडच्या एका रस्त्याचा फुटपाथ कसा असावा, यावर एका संस्थेने मतदारयादीतून चिठ्ठ्या काढून 24 जणांना बोलावलं होतं. दोन रविवार, शाळेचा हॉल.

बेस्टमध्ये कंडक्टरकी करून निवृत्त झालो. हरकती-सूचनांच्या सुनावण्या पुष्कळ पाहिल्या, तिथे कायम तेच चार चेहरे. इथे रात्रपाळीचा वॉचमन होता, बारावीतली मुलगी होती आणि एक मासळीवाली मावशी. टेबलावर भलामोठा नकाशा, आम्ही नुसते बघत उभे. मावशी म्हणाली, "मीटरबिटर मला नका सांगू. माझ्या दोन पाट्या मांडल्या, तरी पोर कडेवर घेतलेली बाई मागून गेली पाहिजे." मग नकाशाच्या प्रमाणात पाटीएवढे पुठ्ठे कापले. तासाभरात बसथांबासुद्धा दहा पावलं पुढे सरकला. (तो मी सरकवला. थांब्यासमोर गर्दी असली की ड्रायव्हर बस कडेला घेत नाही, म्हाताऱ्यांना भर रस्त्यातून चढावं लागतं.)

कार्यक्रम चालवणाऱ्या पोराने आयर्लंडचं सांगितलं. तिथे 2016 साली अशीच 99 साधी माणसं निवडली. गर्भपातबंदी उठवा म्हणाली आणि 2018 च्या सार्वमतात ती उठली. झकास. पण आपल्याकडे तमिळनाडूत उत्तरमेरूरला चोळांच्या काळी घड्यातून ताडपत्राच्या चिठ्ठ्या काढून गावच्या समित्या नेमत, हे त्याला ठाऊक नव्हतं. अर्थात त्या घड्यात नाव पडायला जमीन आणि स्वतःचं घर लागायचं.

आमच्या घड्याची अट कुठे लिहिलेली नव्हती, पण होती. मानधन शून्य. वडापाव दिला, तोही गार. दुसऱ्या रविवारी मावशी आलीच नाही. कशी येईल? मासळीचा खरा धंदा रविवारचाच. जर्मनीतल्या अशा नागरिक गटांना बुडालेल्या रोजाची भरपाई मिळते, हे यांच्याच माहितीपत्रकात छापलंय! तिच्या खुर्चीसमोर पुठ्ठे तसेच पडले होते. कुणीतरी ते उचलून तिथे कुंड्या ठेवल्या. वॉचमन आणि मी भांडून परत लावले, पण दोनाचा एकच राहिला.

अहवाल पालिकेच्या कार्यालयात दिलाय, पोच मिळाली. तीन महिने झाले, उत्तर नाही.

पाचपैकी तीन स्टार. पुन्हा बोलावलं तर जाईन, पण सोमवारी ठेवा. सोमवारी मासळीला गिऱ्हाईक कमी असतं.