स्टार्टएक्स : कामाला चोख, बोलायला तुटक

माझ्या लिनक्स मशीनवरची लॉगिनची सजवलेली स्क्रीन मी काढून टाकली त्याला आता वर्ष होईल. मशीन चालू केलं की काळा पडदा, नाव, पासवर्ड, मग हाताने ‘स्टार्टएक्स’ ही कमांड, की डेस्कटॉप हजर. जुन्या लॅपटॉपला हे चांगलंच मानवलं. पाचापैकी चार तारे. पाचवा का कापला, ते सांगते.

एका रात्री सवयीने आधी टीमक्स (एकाच पडद्यावर अनेक टर्मिनलं चालवणारा प्रोग्राम) उघडलं आणि त्यातच स्टार्टएक्स मारलं. उत्तर आलं, ‘ओन्ली कन्सोल युजर्स आर अलाउड टु रन द एक्स सर्व्हर’; म्हणजे एक्स सर्व्हर (डेस्कटॉप पडद्यावर दाखवणारा प्रोग्राम) फक्त मशीनसमोर बसलेल्यांनाच चालवता येईल. अहो, मी मशीनसमोरच बसले होते की! पण एक्सऑर्गच्या, म्हणजे याच एक्स सर्व्हरच्या, दारावर रॅपर नावाचा एक पहारेकरी असतो. कमांड खऱ्या कन्सोलवरून, म्हणजे टीटीवाय१, टीटीवाय२ अशा मशीनच्या स्वतःच्या काळ्या पडद्यांवरून आली का, एवढंच तो बघतो. टीमक्सच्या आतलं टर्मिनल त्याच्या लेखी नकली. एसएसएचवरून, म्हणजे दुसऱ्या मशीनवरून, आलात तरी तेच. रूटला, म्हणजे सर्वाधिकारी युजरला, मात्र तो हटकतच नाही.

आणि इथेच पाय घसरतो. ‘अलाउड’ हा शब्द दिसला की हात आपोआप सुडोकडे, म्हणजे रूटच्या अधिकाराने कमांड चालवण्याकडे, जातो. माझी सेटिंग्ज दिसावीत म्हणून मी तर मोठ्या ई-च्या पर्यायासकट सुडो मारलं. डेस्कटॉप आला. खूश होऊन झोपले.

दुसऱ्या दिवशी टीमक्स नाही, सुडो नाही, सरळ स्टार्टएक्स. पडदा काळा झाला आणि पुन्हा प्रॉम्प्टवर. वर एक ओळ: .एक्सऑथॉरिटी ‘नॉट रायटेबल’, म्हणजे या फाइलीत लिहिता येत नाही. ‘एलएस -एल’ने फाइलीचा मालक बघितला, तर मालक रूट, गट रूट; आदल्या रात्रीच्या सुडोची करामत. स्क्रीनशी जोडून घ्यायची किल्ली याच फाइलीत असते. घर माझं, किल्ली रूटच्या खिशात! मालक बदलणाऱ्या ‘चोन’ची एक ओळ, फाइल माझ्या नावावर, काम झालं. मग ‘फाइंड’ला ‘-युजर रूट’ लावून घरचं फोल्डर धुंडाळलं, तर .आयसीईऑथॉरिटी आणि कॉन्फिगमधल्या दोन फाइलीही तशाच सापडल्या.

लॉग, म्हणजे काय घडलं त्याची नोंद, शोधतानाही चकले. २०१४ च्या १.१६ आवृत्तीपासून एक्सऑर्ग रूटशिवाय चालू शकतो, आणि तसा चालला की लॉग घरच्या .लोकल फोल्डरमध्ये पडतो. मी व्हार-लॉगमधला शिळा लॉग अर्धा तास वाचत बसले.

एक्सरॅपर.कॉन्फिग या पहारेकऱ्याच्या सेटिंगच्या फाइलीत ‘अलाउड युजर्स’पुढे ‘एनीबडी’ (कोणीही) लिहा, हा सल्ला सर्रास मिळतो. त्याला माझ्याकडून एकही तारा नाही. माझ्या टीमक्सपायी पहारेकऱ्यालाच घरी का पाठवायचं? उलट ‘मॅन एक्सऑर्ग.रॅप’ हे पहारेकऱ्याच्या माहितीचं पान छोटं आणि स्वच्छ लिहिलेलं आहे, सगळे पर्याय त्यात आहेत. एररमध्ये नुसतं त्या पानाचं नाव असतं, तर पाचवा ताराही दिला असता.

टीमक्स आता डेस्कटॉप आल्यावरच उघडते.