कॉलेजातला वर्ग की दूरशिक्षणातली पाठराखण? गोव्यातल्या संस्कृत अभ्यासकासाठी तुलना

संस्कृतात एम. ए. झालंय, नेट निघालीय, पीएच.डी. मार्गी लागलीय आणि नोकरीसाठी शक्यतो गोवा सोडायचा नाही, अशी बरीच मुलंमुली दरवर्षी विचारायला येतात. त्यांना एक वाट स्पष्ट दिसत असते, ती म्हणजे कॉलेजातली प्राध्यापकी. दुसरी वाट दूरशिक्षणाची. तिच्याबद्दल घरात कुणी बोललंच तर "ते काय, फॉर्म आणि परीक्षांचं ऑफिस" एवढंच. दूरशिक्षणात अभिजात भाषांच्या जाणकाराला खरं तर एक मोठं काम असतं. विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष शिकवणारे वेगळे असतात आणि याने त्यांच्या पाठीशी उभं राहायचं असतं. हे काम आणि वर्गातलं शिकवणं, दोन्ही जवळून पाहिलेलं असल्यामुळे ही तुलना मांडतो आहे.

माझं मत आधीच सांगतो. पगार, बदली, सुट्ट्या हे सगळं महत्त्वाचं आहे, पण त्याने निर्णय होत नाही. दुसरा शिक्षक कसा शिकवतो, याची तुम्हाला मनापासून आस्था आहे का, यावर तो होतो. ती नसेल तर दुसऱ्या वाटेला जाऊ नका.

दुसऱ्या वाटेवरचं काम नेमकं काय असतं?

याचं सगळ्यात रेखीव रूप ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीत दिसतं. 1969 साली स्थापन झालेल्या या विद्यापीठात 1971 पासून विद्यार्थी शिकू लागले. तिथे लॅटिन, ग्रीक, प्राचीन ग्रीस-रोमचा इतिहास हे सगळं घरबसल्या शिकता येतं, आणि बहुतेक पदवी अभ्यासक्रमांना आधीच्या पात्रतेची अट नसते. विद्यार्थ्यांचे साधारण वीसेकांचे गट करून प्रत्येक गटाला एक ट्यूटर दिला जातो. ट्यूटर असाइनमेंट तपासतो, शेरे लिहितो, ऑनलाइन तासिका घेतो. या ट्यूटरांना निवडणारा, रुळवणारा, त्यांनी तपासलेल्या वह्यांतल्या काही काढून वाचणारा आणि अडचणीत त्यांच्या बाजूने उभा राहणारा माणूस म्हणजे स्टाफ ट्यूटर. तो स्वतः त्याच विषयाचा अभ्यासक असतो. अभ्यासक्रम घडवण्यात त्याचा वाटा असतो आणि संशोधनही त्याच्याकडून अपेक्षित असतं.

आपल्याकडे हेच काम दोन तुकड्यांत विभागलं गेलंय, आणि अर्ज करण्याआधी हे नीट समजून घ्यायला हवं. इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, 1985 साली संसदेच्या कायद्याने झालं. गोव्यात त्याचं पणजी प्रादेशिक केंद्र आहे. अभ्यासकेंद्रं बहुधा चालू कॉलेजांतच असतात आणि शिकवणारे कौन्सेलर हे बहुतेक त्या किंवा जवळच्या कॉलेजातले प्राध्यापक, नाहीतर निवृत्त शिक्षक असतात. त्यांना तासिकेगणिक आणि तपासलेल्या असाइनमेंटगणिक मानधन मिळतं. विषयाचा अभ्यासक बसतो दिल्लीत मैदानगढीला, तिथे अभ्याससाहित्य तयार होतं. कौन्सेलरांशी रोजचा संबंध येतो तो प्रादेशिक केंद्रातल्या सहायक संचालकाचा. हे पद शैक्षणिक श्रेणीतलंच आहे, पण त्याच्या टेबलावर व्यवस्थापनापासून ग्रंथालयशास्त्रापर्यंत सगळे विषय येतात. तुमचं संस्कृत त्यात एक विषय म्हणून येणार.

याचा अर्थ असा, की गोव्यात राहून "संस्कृतच्या कौन्सेलरांना आधार देणारा संस्कृतचा अभ्यासक" असं सरळ नाव असलेली खुर्ची तुम्हाला मिळणार नाही. एकतर विषय धरून दिल्ली गाठा, नाहीतर माणसं धरून पणजीत बसा आणि संस्कृतचं काम आपल्या पुढाकाराने करा. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचा विचार बरेच जण मराठीमुळे करतात, पण राज्य मुक्त विद्यापीठांचं कार्यक्षेत्र त्यांच्या राज्यापुरतं असतं. गोव्यात बसून तिथली नोकरी करू म्हणाल तर ते जमणारं नाही. केंद्रीय संस्कृत विद्यापीठाचं मुक्तस्वाध्यायपीठ, म्हणजे त्याचा दूरशिक्षण विभाग, मात्र नजरेत ठेवा.

वहीच्या समासातला वर्ग

कॉलेजात तुम्ही वर्गात उभे असता. मुलगी श्लोक म्हणताना अडखळली की तिथल्या तिथे उच्चार सुधारता येतो, कुणाच्या कपाळावर आठी दिसली की तेच पुन्हा दुसऱ्या शब्दांत सांगता येतं. दूरशिक्षणात यातलं फार थोडं हाती असतं. तिथे विद्यार्थ्याला शिक्षक खऱ्या अर्थाने भेटतो तो तपासून आलेल्या असाइनमेंटच्या समासात.

एक साधं वाक्य घ्या : "सूर्ये अस्तं गते गोपाः गृहम् अगच्छन्." विद्यार्थ्याने भाषांतर केलं, "सूर्यामध्ये अस्त गेलेले गवळी घरी गेले." एका कौन्सेलराने लाल गोल करून "चूक" लिहिलं आणि पाचांपैकी दोन गुण दिले. गुण योग्यच आहेत. पण दिवसभर दुकान सांभाळून रात्री अभ्यास करणाऱ्या माणसाला त्या लाल गोलातून काय कळणार? दुसऱ्या कौन्सेलराने तेवढ्याच जागेत लिहिलं : "'सूर्ये' आणि 'गते' एकाच विभक्तीत, एकाच वचनात आहेत. ही जोडी आधी शोधा आणि तिचं 'सूर्य मावळल्यावर' असं करून बाजूला ठेवा. मग उरलेलं वाक्य वाचा. 'अगच्छन्' तुम्ही बरोबर ओळखलंय." सति सप्तमी, म्हणजे 'अमुक झाल्यावर' सांगणारी ही सप्तमीची जोडी, शिकवण्याचा अख्खा तास या चार ओळींत आला.

पहिल्या कौन्सेलराला दुसऱ्यासारखं लिहायला लावणं, हे तुमचं काम. आणि हे नाजूक काम आहे, कारण पहिला कौन्सेलर कदाचित तीस वर्षं हायस्कुलात संस्कृत शिकवून निवृत्त झालेला फोंड्याकडचा हेडमास्तर असतो. त्याच्या हाताखाली तुमचे मामा शिकलेले असतात. त्याला "तुमचे शेरे अपुरे आहेत" असं पत्र पाठवलंत तर पुढच्या सत्रात तो येणार नाही. फोन करायचा. "सर, तुमचे तिसऱ्या प्रश्नावरचे शेरे वाचले, समासचक्राबद्दल लिहिलंत ते फार उपयोगी आहे. सति सप्तमीत मात्र मुलं सारखी अडकतायत, तिथे एक ओळ जास्त लिहाल का?" असं बोलणं ज्याला मनापासून जमतं, त्याने या वाटेचा जरूर विचार करावा.

यापुढचं जे घडतं, ते वर्गात कधीच घडत नाही. मडगावच्या, पणजीच्या आणि डिचोलीच्या तिन्ही गटांतल्या वह्यांत तीच चूक दिसायला लागते. मग प्रश्न कौन्सेलरांचा राहत नाही. पुस्तक उघडून बघायचं : कदाचित क्त प्रत्ययाची ('गत'सारखी) रूपं पक्की करून घेण्याआधीच सति सप्तमीचा धडा आलेला असतो. एका वर्गापुरतं पाहणाऱ्या शिक्षकाला वाटतं, यंदाची मुलं कच्ची आहेत. तीन गटांच्या वह्या एकत्र वाचणाऱ्याला कळतं, की घटकांचा क्रम चुकलाय. तो क्रम बदलायला लावलात, तर त्याचा फायदा तुम्ही कधीही न पाहिलेल्या हजारो विद्यार्थ्यांना होतो. माझ्या दृष्टीने या नोकरीतली सगळ्यात मोठी कमाई हीच.

कॉलेजची बाजू

कॉलेजात जे मिळतं ते दूरशिक्षणात मिळत नाही, हेही तितकंच खरं. पहिल्या वर्षाला देव-माला चालवणारी मुलगी तिसऱ्या वर्षाला काव्यातला श्लेष स्वतः उलगडून दाखवते, हे समोर बघायला मिळणं फार मोठं आहे. पाठांतर, सूर, छंद म्हणून दाखवणं हे सगळं आवाजाचं शिक्षण आहे, आणि त्याला वर्गच लागतो.

व्यवहाराचं बोलायचं तर कायम सहायक प्राध्यापकाचा मूळ पगार सातव्या वेतन आयोगानुसार 57,700 रुपयांपासून सुरू होतो, दर आठवड्याला 16 तास प्रत्यक्ष शिकवणं अपेक्षित असतं. इग्नूतल्या सहायक प्राध्यापकाची आणि प्रादेशिक केंद्रातल्या सहायक संचालकाची श्रेणीही हीच. म्हणजे कायम जागा मिळाली तर पगारात फरक नाही. फरक आहे तो कायम जागा मिळण्यात. संस्कृतची पदं मोजकी, त्यामुळे बहुतेकांची सुरुवात लेक्चर बेसिसवर किंवा करारावर होते. पाहुण्या प्राध्यापकांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) 2019 मध्ये तासाला 1,500 रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त 50,000 असं सांगितलं, पण प्रत्यक्षात तास किती मिळतात यावर महिन्याचा हिशोब ठरतो, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तास नसतात. सरकारी कॉलेजातल्या कायम पदाला गोवा लोकसेवा आयोगातून जावं लागतं. तिथे 15 वर्षांचा रहिवास आणि कोकणीचं ज्ञान लागतं. पेडण्या-सत्तरीत मराठीतून शिकलेल्या आणि घरी कोकणी बोलणाऱ्यांना हे अवघड नाही, पण कोकणी लिहायची सवय नसेल तर ती आत्ताच लावा.

इग्नूच्या प्रादेशिक पदांची अडचण वेगळी. नेमणूक अखिल भारतीय असते आणि बदलीची तयारी ठेवावी लागते. पणजीतच निवृत्त होईन असं गृहीत धरू नका. आईवडील म्हातारे आहेत, घरची कुळागरं (सुपारी-नारळाच्या बागा) बघायची आहेत, अशांनी याचा विचार आधी करावा.

गोव्याचं गणित

दूरशिक्षणाची जी पुस्तकी चित्रं असतात, त्यांत विद्यार्थी शेकडो मैल दूर असतो. गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत अख्खं राज्य एका दिवसात पालथं घालता येतं, तरीही विद्यार्थी तासिकेला येत नाहीत. याचं कारण अंतरात शोधू नये, ते वेळापत्रकात सापडतं. तासिका बहुधा रविवारी असतात. हॉटेलात, टॅक्सीवर काम करणाऱ्या माणसाचा रविवार हाच सगळ्यात गर्दीचा दिवस, आणि ऑक्टोबर ते मार्च हा त्याचा हंगाम. दुसरा मोठा विद्यार्थिवर्ग देवस्थानांतल्या तरुण पुरोहितांचा. त्यांचं पाठांतर उत्तम असतं, त्यांना पदवी हवी असते, व्याकरण उलगडून समजून घ्यायचं असतं. पण श्रावणापासून चवथ (गणेशचतुर्थी) संपेपर्यंत ते मोकळे नसतात आणि पुढे जत्रा सुरू होतात. इग्नूत बहुतेक अभ्यासक्रमांना असाइनमेंटचे गुण 30 टक्के असतात आणि त्या दिल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. चवथीच्या धामधुमीत पहिली असाइनमेंट राहिली, की विद्यार्थी हळूच गळतो आणि कुणाला कळतही नाही.

इथे स्थानिक माणूस पाठीशी असण्याचा खरा उपयोग होतो. कौन्सेलराला यादी द्यायची, "सर, हे चार जण पुरोहित आहेत, यांना चवथीच्या आधी एक फोन करा," असं सांगायचं. एखादी तासिका सोमवारी रात्री ऑनलाइन ठेवायची. दिल्लीत बसलेल्या कितीही विद्वान माणसाला हे सुचणार नाही. कॉलेजच्या प्राध्यापकाला याची गरजच पडत नाही, कारण त्याची मुलं अठरा वर्षांची असतात आणि रोज बसने येतात.

संशोधनाबद्दल थोडक्यात. कॉलेजला सुट्ट्या असतात, दूरशिक्षणात दोन प्रवेशसत्रं, जुलै आणि जानेवारी, एकमेकांना लागून येतात आणि सलग मोकळा महिना हाती लागत नाही. पणजीचं कृष्णदास शामा ग्रंथालय, 1832 पासूनचं, दोघांनाही सारखंच जवळ आहे, पण तिथे बसायला दुपार कॉलेजवाल्यालाच मिळते. ज्याने संस्कृतच्या जोडीला लॅटिन शिकलंय, जुन्या गोव्यातल्या थडग्यांवरचे लेख वाचायची ज्याला ओढ आहे, त्याच्यासाठी हा मुद्दा मोठा आहे.

मग कोणी काय घ्यावं?

आवाजात शिकवण्याचा आनंद असेल आणि काही वर्षं लेक्चर बेसिसची अनिश्चितता घर सोसू शकत असेल, तर कॉलेज. माणसं सांभाळायची हातोटी असेल, स्वतःचं नाव पुढे न येता काम नीट झालेलं बघून समाधान वाटत असेल आणि बदलीची तयारी असेल, तर दूरशिक्षण. केवळ कायम नोकरी आणि तेवढाच पगार म्हणून प्रादेशिक पदाला जाऊ पाहणाऱ्यांना मी थांबायला सांगेन. तिथे संस्कृत आपण होऊन जिवंत ठेवावं लागतं, आणि ओढ नसेल तर दोन वर्षांत तुम्ही फक्त प्रवेश आणि परीक्षा बघत राहाल.

ज्यांचं अजून ठरत नाही त्यांनी आधी एक पूर्ण सत्र कौन्सेलर म्हणून काम करावं. त्यासाठी नोकरी सोडावी लागत नाही. जवळच्या अभ्यासकेंद्राच्या समन्वयकाला भेटा, बायोडाटा द्या, तो मंजुरीसाठी पुढे जातो. मानधन फार नसतं. पहिला गठ्ठा तपासून झाला की दुसऱ्या कौन्सेलराने तपासलेल्या पाच-सहा वह्या समन्वयकाच्या परवानगीने मागून घ्या आणि फक्त शेरे वाचा. ते वाचताना त्या शिक्षकाशी बोलावंसं वाटलं, तर सहायक संचालकाच्या पुढच्या जाहिरातीकडे लक्ष ठेवा. उत्तरांचाच कंटाळा येऊन कधी एकदा वर्गात जातो असं झालं, तर लोकसेवा आयोगाच्या तयारीला लागा.