‘मोठे टायर टाकले की असं होतंच’

गाडी उंच करायला एका वर्कशॉपमध्ये दिली होती. ताब्यात घेतली त्या दिवशी ती उंच दिसत होती आणि मी तेवढंच पाहिलं. लाल रंगाच्या चकचकीत स्प्रिंगा, 33 इंची टायर, चाकाच्या कमानीत अख्खा हात जाईल एवढी मोकळी जागा. वर्कशॉपच्या मालकाने बिल हातात दिलं, त्यावर एकाखाली एक सगळी कामं लिहिलेली होती. मी सही केली. त्यातलं निम्मं काम झालेलंच नव्हतं, हे कळायला मला दोन महिने आणि एक तुटलेला प्रॉपेलर शाफ्ट (इंजिनाची ताकद ॲक्सलपर्यंत नेणारा दांडा) लागला.

ठरलं काय होतं ते आधी सांगतो. गाडी पुढे-मागे अखंड ॲक्सलची, कॉइल स्प्रिंगची, पार्ट-टाइम फोर बाय फोर, म्हणजे एरवी मागच्या दोन चाकांवर चालणारी आणि लिव्हर ओढला की पुढची चाकंही जोडणारी. मूळ टायर 29 इंची, डिफचा, म्हणजे ॲक्सलमधल्या गिअरच्या गोळ्याचा, रेशो 3.73: शाफ्टचे 3.73 वेढे झाले की चाकाचा एक वेढा. तिला 3 इंचांची सस्पेन्शन लिफ्ट द्यायची: नव्या लांब स्प्रिंगा, त्यांना जुळणारे लांब शॉक ॲब्सॉर्बर, ब्रेकचे लांब होस (रबरी नळ्या), लांबी बदलता येणारा पॅनहार्ड रॉड (ॲक्सल आडवा सरकू न देणारा), पुढच्या आर्मना कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंग आपोआप सरळ आणणारा पुढच्या चाकांचा तिरपा कोन, दुरुस्त करणारे बुश. वर 33 इंची टायर. टायर मोठे झाले की इंजिनाची ओढ कमी पडते. 33 भागिले 29 म्हणजे साधारण 1.14, त्यामुळे पूर्वीसारखी ओढ हवी तर 3.73 ला त्याच पटीत वाढवून सव्वाचारच्या जवळ न्यावं लागतं. म्हणून दोन्ही ॲक्सलमध्ये 4.27 चे क्राउन-पिनियन, म्हणजे डिफमधली दातेरी चाकांची जोडी, टाकायचे ठरले. दोन्ही. हा शब्द मी तोंडी तीनदा बोललो, कागदावर एकदाही लिहून घेतला नाही. बिलावर नुसतं ‘क्राउन-पिनियन बदली’ एवढंच आलं.

पहिल्याच आठवड्यात गाडी सरळ रस्त्यावर भरकटायला लागली. वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपणहून परत मधोमध येईना. फोन केला. उत्तर आलं, “साहेब, मोठे टायर टाकले की असं होतंच.” मग वेग वाढला की खालून थरथर यायला लागली. तेच उत्तर. खड्ड्यात चाक खाली गेलं की पुढून टक्क असा धातूवर धातू आपटल्याचा आवाज. पुन्हा तेच. मी ते मानत गेलो, कारण उत्तर पूर्ण खोटं नव्हतं. मोठ्या टायरने स्टिअरिंग जड होतं, ब्रेक लागायला अंतर जास्त लागतं, इंधन जास्त जातं, जाड नक्षीचे टायर डांबरावर गुणगुणतात, हे सगळं खरं आहे. या खऱ्या गोष्टींच्या आडोशाला त्याने बाकीचं सगळं लपवलं.

माझा विश्वास टिकून राहायला आणखी एक कारण झालं. माझ्या गाडीत स्पीडोमीटर ट्रान्सफर केसच्या, म्हणजे ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणाऱ्या पेटीच्या, मागच्या टोकावरून चालतो. टायर मोठे करून रेशो तोच ठेवला असता तर काटा 80 दाखवताना गाडी 91 ने धावली असती. मी जीपीएसशी ताडून पाहिलं, आकडे जवळजवळ तंतोतंत जुळले. म्हणजे रेशो बदलला, काम चोख झालं, असं मी मानून चाललो. मागचा रेशो खरंच बदलला होता. पुढच्याबद्दल तो काटा काहीच सांगू शकत नव्हता, हे तेव्हा सुचलं नाही.

दोन महिन्यांनी पहिल्यांदा गाडी चिखलात घातली आणि फोर बाय फोरचा लिव्हर ओढला. पुढची चाकं उगाच जास्त फिरून माती उडवत होती, मागची रेटत होती, गाडी स्वतःशीच भांडल्यासारखी चालत होती. चढ संपून कडक खडकाळ जमीन आली तेव्हा मी लिव्हर परत टू व्हीलवर आणायला गेलो, तर तो जागचा हलेना. चार पावलं पुढे नेऊन बघू म्हणून ॲक्सिलरेटर दिला आणि खालून असा आवाज आला की शेजारी बसलेला मित्र दार उघडून उतरलाच. पुढच्या प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस, म्हणजे टोकाचा सांधा, फुटला होता आणि शाफ्ट एका टोकाने लोंबकळत होता. उतारावर असतो तर काय, हा विचार आजही येतो.

गाडी ओढून आणली ती एका दुसऱ्या, वयस्क मेकॅनिककडे. त्यांनी काही उघडण्याआधी मला मोबाइलवर व्हिडिओ सुरू करायला सांगितलं. “आधी मोजू, मग बोलू,” म्हणाले. ही मोजणी इतकी सोपी आहे की ती मी गाडी ताब्यात घेतानाच का केली नाही याचं मला आजवर वाईट वाटतं. बाकीच्या चाकांना दगड किंवा ठोकळे लावायचे, ज्या ॲक्सलचं मोजायचं त्याचं एकच चाक जॅकने उचलून खाली स्टँड द्यायचा, गिअर न्यूट्रल, लिव्हर टू व्हीलवर. टायरवर आणि प्रॉपेलर शाफ्टवर खडूची खूण करायची. डिफ साधा असेल, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र जखडणारा लॉकर किंवा लिमिटेड स्लिप नसेल, तर उचललेलं चाक हाताने पूर्ण दोन वेढे फिरवायचं आणि तेवढ्यात शाफ्ट किती वेढे फिरतो ते मोजायचं. तो आकडा म्हणजे रेशो. दोन वेढे अशासाठी की दुसरं चाक जमिनीवर थांबलेलं असल्याने उचललेलं चाक क्राउनच्या दुप्पट फिरतं.

मागे शाफ्ट चार वेढे पूर्ण करून पावभर पुढे गेला. 4.27. पुढे, तुटका शाफ्ट काढून पिनियनच्या फ्लँजवर खूण केली. तिसरा वेढा झाला, चौथा सुरू झाला आणि पाऊण होता होता चाक थांबलं. 3.73. आम्ही तीनदा मोजलं. पुढच्या डिफच्या बोल्टांवर जुना रंग आणि मातीचा थर तसाच होता, त्यांना पाना लागलेलाच नव्हता.

फोर व्हीलमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट ट्रान्सफर केसमध्ये एकमेकांना जखडले जातात आणि एकाच गतीने फिरतात. त्यामुळे मागची चाकं 100 मीटर जात असताना माझी पुढची चाकं 114 मीटर जायला बघत होती. चिखलात टायर घसरून तो फरक पचतो. कडक जमिनीवर टायर घसरत नाही, मग तो पीळ शाफ्टमध्ये, क्रॉसमध्ये, ट्रान्सफर केसच्या आत साठत जातो. लिव्हर अडकला तो याच पिळामुळे. टायरचा आकार तीळभरही दोषी नव्हता.

पुढचा ॲक्सल का सोडला, हे त्या मेकॅनिककाकांनीच समजावलं. पुढे हब, नकल, हाफ शाफ्ट सगळं काढावं लागतं, मगच डिफ बाहेर येतो. क्राउन आणि पिनियन कारखान्यातून एकमेकांवर घासून जुळवलेली जोडी म्हणून येतात. बसवताना पिनियनची खोली पातळ शिम घालून ठरवायची, दातांमधली ढील मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजायची, दातांना पेस्ट लावून ठसा कुठे उमटतो ते बघायचं, पटलं नाही की पुन्हा सोडायचं. फार वेळखाऊ काम. आणि पार्ट-टाइम गाडीचा मालक रोज टू व्हीलवरच फिरतो, म्हणजे पुढचं पाप महिनोन्‌महिने झाकलेलं राहतं. नवीन क्राउन-पिनियन टाकले की सुरुवातीला गाडी सांभाळून चालवायची आणि साधारण 800 किलोमीटरनंतर डिफचं तेल बदलायचं असतं. मला यातलं कुणी काहीच सांगितलं नव्हतं. तेव्हाच कान टवकारायला हवे होते.

मग त्यांनी गाडी चेसिसवर उचलून दोन्ही ॲक्सल लोंबकळत सोडले, आणि जे दिसलं त्याचा राग मला रेशोपेक्षाही जास्त आला. पुढचे ब्रेक होस जुनेच होते, तारेसारखे ताणलेले. एकाच्या टोकाला रबर सोलून आतली वीण दिसत होती. मी घरच्यांना घेऊन त्या गाडीतून प्रवास केला होता. बाकी काही नाही तरी एवढं तपासा: ॲक्सल पूर्ण खाली लोंबू द्या, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवा आणि ब्रेकच्या होसला हात लावून बघा. त्यात ढील राहिलीच पाहिजे.

लाल स्प्रिंगा माझ्याच जुन्या स्प्रिंगा होत्या, रंगवलेल्या. वरच्या वाटीत एकावर एक दोन स्पेसर घालून उंची आणली होती. स्पेसर ही काही वाईट वस्तू नाही, थोड्या उंचीसाठी सांगून-सवरून घातला तर चालतो. पण त्याने स्प्रिंगची ताकद बदलत नाही. ताकद तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असते: 12 मिलिमीटरची तार 13 झाली, वेढे आणि व्यास तेच राहिले, तरी स्प्रिंग सुमारे 38 टक्के कडक होते. म्हणून गाडी देण्याआधी जुन्या स्प्रिंगची जाडी कॅलिपरने मोजून ठेवली की नव्याच्या नावाखाली जुनी परत येत नाही. शॉकही जुनेच होते. ॲक्सल 3 इंच खाली गेला, म्हणजे चाक खाली जाण्याची शॉकमधली जागा तेवढीच कमी झाली. टक्क आवाज होता तो शॉक पूर्ण ताणून अडकल्याचा.

भरकटण्याचं कारण कॅस्टर. माझ्या गाडीचे पुढचे आर्म साधारण 90 सेंटिमीटरचे आहेत आणि ॲक्सलला पक्के जोडलेले. पुढचं टोक साडेसात सेंटिमीटर खाली गेलं की अख्खा ॲक्सल सुमारे 5 अंश फिरतो. मुळात कॅस्टर असतो तो थोड्याच अंशांचा, तो संपून गेला. बिलात लिहिलेले बुश बसवलेच नव्हते. थरथर मागच्या शाफ्टची होती. साधा क्रॉस जॉइंट तिरका चालला की त्याच्या पलीकडचं टोक एकसारखं फिरत नाही, प्रत्येक वेढ्यात दोनदा जलद आणि दोनदा मंद होतं. 10 अंशांवर हा चढउतार दीड टक्क्यांचा, 20 अंशांवर 6 टक्क्यांचा. दोन्ही टोकांचे कोन सारखे असले तर एकाचा दोष दुसरा खोडून काढतो. माझ्या गाडीत उंची वाढवल्यावर पिनियनचा कोन कुणी पाहिलाच नव्हता.

आणखी एक गोष्ट, जी मला गाडी देण्याआधीच कळायला हवी होती. ‘क्लिअरन्स 5 इंच वाढेल’ असं तो म्हणाला होता. चेसिसखाली वाढला. दगडावर आधी आपटतो तो डिफचा गोळा, आणि तो सस्पेन्शन लिफ्टने एक सूतही वर जात नाही. तो फक्त टायरने वर जातो, टायरच्या वाढीच्या निम्मा. 4 इंच मोठे टायर, 2 इंच क्लिअरन्स.

व्हिडिओ घेऊन मी त्या वर्कशॉपमध्ये गेलो. जुने क्राउन-पिनियन मागितले. पोत्यातून एकच जोडी निघाली. “पुढची भंगारात गेली,” म्हणाला. मी पुढच्या डिफच्या न उघडलेल्या बोल्टांचा व्हिडिओ दाखवला. बराच वेळ शांत राहिला आणि मग म्हणाला, “गाडी बाहेर दाखवलीत, आता आमची जबाबदारी नाही.” वाद घालायला मी तिसऱ्यांदा गेलो तेव्हा पुढच्या ॲक्सलच्या कामाचे पैसे परत मिळाले. स्प्रिंगा, शॉक, होस यांचं काही नाही. तुटलेल्या शाफ्टचंही नाही.

पुढचे 4.27 नंतर काकांनी बसवले. दातांवरचा ठसा मला बोलावून दाखवला, क्राउनवर कोरलेला दातांचा आकडा वाचायला लावला: 47 आणि 11. जुनी जोडी 41 आणि 11 ची, ती तेल पुसून माझ्या हातात दिली. मग म्हणाले, “आता तुम्हीच मोजा.” मी जॅक लावला, स्टँड दिला, खडूने खूण केली आणि चाक दोन वेढे फिरवलं. शाफ्ट चार वेढे पूर्ण करून पावभर पुढे जाऊन थांबला.