आमदार साहेबांचं संपर्क कार्यालय : पाचपैकी तीन स्टार, त्यातले दोन रजिस्टरवाल्या काकांचे

मागच्या दीड वर्षात मी आमच्या आमदार साहेबांच्या ऑफिसात चार वेळा जाऊन आलोय, तीनदा स्वतःच्या कामाला आणि एकदा दुसऱ्याच्या सोबत, म्हणून लिहायलोय. तालुका सांगत नाही, लातूर-धाराशिव पट्टा एवढं पुरे. मराठवाड्यात 46 आमदार आहेत, ज्याला ओळखायचं तो ओळखल आणि मला वाटतं बाकीच्या 45 ठिकाणी पण लई वेगळं नसल.

ऑफिस बस स्टँडच्या समोर, खाली कृषी सेवा केंद्र आणि वर हे. जिना एवढा अरुंद आणि उभा की निराधारच्या कामाला आलेल्या म्हाताऱ्या खालीच खताच्या पोत्यावर बसून राहतात आणि कुणीतरी वर जाऊन त्यांचे कागद दाखवतं. पाटीवर वेळ 10 ते 6 आहे पण साडेअकराच्या आत कुलूपच असतं. चहा मात्र न मागता येतो आणि चांगला असतो, हे मान्य करावं लागल. भिंतीला साहेबांचे सत्काराचे फोटो, कोपऱ्यात शाली आणि वाळलेल्या बुकेंचा ढीग, आणि खुर्च्यांवर कायम बसलेली पाच-सहा पोरं जी दिवसभर मोबाईल बघतात आणि आपण काय कामाला आलो ते विचारून घेतात पण करत काहीच नाहीत.

पहिलं काम डीपीचं. जानेवारीत गव्हाच्या दुसऱ्या पाण्याला आमची 63 केव्हीएची डीपी (शेतातला ट्रान्सफॉर्मर) जळाली, एका डीपीवर आम्ही चौदा जण. वीज ऑफिसात गेलो तर म्हणले नंबर लावा, तुमचा 22 वा आहे. 7.5 एचपीपर्यंतच्या पंपाला 2024 पासून चालू बिल माफ आहे तर हे मागची थकबाकी काढून बसले, आधी ती भरा म्हणले. वीज नियामक आयोगाच्या नियमात ग्रामीण भागातली डीपी 48 तासांत बदलून द्यायची असं लिहिलेलं आहे, मी ते मोबाईलवर दाखवलं तर तिथले वीज ऑफिसचे साहेब चष्म्यावरून माझ्याकडं बघून हसले नुसते. सहा दिवस झाले, गहू पिवळा पडायला लागला, मग आम्ही चौघं ऑफिसात गेलो. योगायोगानं आमदार तिथंच होते. त्यांनी आमच्यासमोर फोन स्पीकरवर टाकला, "आमच्या घरच्या माणसाचं काम आहे, उद्या डीपी गेली पाहिजे" म्हणले, आणि खरंच तिसऱ्या दिवशी डीपी मिळाली. आणायला ट्रॅक्टर आमचा, डिझेल आमचं, चढवायला माणसं पण आमचीच, पण मिळाली. त्या दिवशी मी पाच स्टार दिले असते. गावात येऊन फोडणी टाकून सांगितलं पण, साहेबांनी कसं झापलं बघा म्हणून. आमच्या पुढं जे 21 जण होते त्यांच्या गव्हाचं काय झालं हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

दुसरं काम चुलतीचं. तिची संजय गांधी निराधारची पगार, महिन्याला 1500, सात महिने बंद. आमच्याकडं सगळे पगारच म्हणतात. तहसीलला तीन चकरा झाल्या, हयातीचा दाखला दिला, उत्पन्नाचा दिला, प्रत्येक खेपेला "वरून आली नाही". मग म्हणलं आमदाराचं पत्र घेऊ. तिथं ते रजिस्टरवाले काका भेटले, पूर्वी तहसीललाच कारकून होते म्हणे, आता रिटायर होऊन इथं बसतात. नाव, गाव, मोबाईल, काम, सगळं रजिस्टरला लिहून घेतात आणि पुढच्या खेपेला आपण तोंड उघडायच्या आत पान काढतात. त्यांनी पत्र दिलंच नाही. म्हणले आधी मला सांगा आजीचं आधार कोणत्या बँकेला जोडलंय, पैसे आता थेट आधार लिंक खात्यावर पडतात, पासबुकावरचं खातं कोणतंय ह्याला काही अर्थ नाही. चुलतीला काय माहिती. बँकेत जाऊन बघितलं तर कधीतरी गावात कॅम्प लागला होता तेव्हा झिरो बॅलन्सचं दुसरं खातं काढलेलं, ते ती विसरूनच गेली होती, आणि सात महिन्यांचे 10,500 तिथं गपगार पडलेले. म्हणजे बघा, ना आमदार लागला ना पत्र. तहसीलच्या टेबलावर कुणी एवढं एक वाक्य बोललं असतं तरी म्हातारीच्या एवढ्या चकरा वाचल्या असत्या. आपल्याकडं अर्धं ऑफिस ह्याच कामावर चालतं, दुसऱ्या ऑफिसानं जे तोंडानं सांगायला पाहिजे ते सांगण्यावर.

पत्राचं पण सांगतो कारण लोकं त्याच्यासाठीच येतात. लेटरहेड जाड कागदाचं, वर जावक नंबर, आणि शेवटी "सदर प्रकरणी नियमानुसार उचित कार्यवाही करावी." आता नियमात बसत असल तर माझं काम तसंही व्हायला पाहिजे होतं, आणि बसत नसल तर हे पत्रच सांगतंय की करू नका. तरी माणूस ते पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून छातीला धरून नेतो. मी पण नेलंय. नेणार असाल तर झेरॉक्सवर आवकचा शिक्का मारून घ्या, नाहीतर पुढच्या खेपेला पत्र आलंच नाही म्हणतात.

तिसरी खेप शेजारच्या पेशंटसोबत. मुंबईला टाटा हॉस्पिटलला जायचं होतं, आणि आपल्याकडच्या माणसाला तिथं उपचारापेक्षा राहायचं टेन्शन जास्त. काकांनी आकाशवाणी आमदार निवासातल्या साहेबांच्या खोलीसाठी चिठ्ठी दिली. रात्रीच्या गाडीनं लातूरहून निघाले, सकाळी सीएसएमटीला उतरून तिथं गेले. एका खोलीत अकरा माणसं, खाली सतरंज्या, बाथरूमला लाईन, पण मुंबईत मंत्रालयाजवळ फुकट डोकं टेकायला जागा, ते पण पंधरा दिवस. तिथं एक पोरगा ठेवलाय तो केसपेपर कुठं काढायचा ते सोबत येऊन दाखवतो. ह्या एका गोष्टीला मी काहीच नावं ठेवणार नाही. त्या घरची सगळी मतं आता कायमची बांधलेली आहेत आणि माझं म्हणणं आहे बरोबर आहे त्यांचं.

चौथी खेप वाया गेली. आमच्या वस्तीच्या दीड किलोमीटर रस्त्याचं निवेदन घेऊन गेलो, पावसाळ्यात लेकरं शाळेला चिखलातून जातात. साहेब म्हणले बघू, सभागृह देतो तुम्हाला. आम्ही मागितला रस्ता, पण सभागृहावर नाव टाकता येतं, उद्घाटनाला मंडप घालता येतो. आता निधीचा हिशोब आपण पण समजून घ्यावा. आमदार निधी वर्षाला 5 कोटी, साहेब फक्त काम सुचवतात, मंजुरी कलेक्टर ऑफिसकडून. आमच्या मतदारसंघात दीडशेच्या वर गावं, सारखे वाटले तर एका गावाला सव्वातीन लाख पण धड येत नाहीत, त्यात रस्ता काय होणार. म्हणून मग ग्रामविकास खात्याच्या 25/15 ह्या हेडमधून आणू, जिल्हा नियोजनमधून आणू असं चालू असतं. हे पटतं मला. पण मग बॅनरवर "कोट्यवधींचा निधी खेचून आणला" लिहू नका ना, खेचून आणायला ती काय विहिरीतली बादली आहे का.

हजेरीच्या बाबतीत मात्र तोड नाही. लग्न, दहावा, साखरपुडा, वास्तुशांती, कुठंच चुकत नाहीत. माझ्या भाच्याच्या लग्नात 12:35 चा मुहूर्त होता, साहेब निघालेत निघालेत म्हणून माईकवर सांगत राहिले आणि अक्षता पडल्या पावणेदोनला, वरणाचा पार गोळा झाला. त्यांना दोष देऊ का, आले नसते तर आमचीच लोकं वर्षभर बोलली असती.

म्हणून एकदा पोरांना सहज विचारलं की डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात आपल्या साहेबांनी किती प्रश्न लावले, आपल्या पीकविम्याची लक्षवेधी वगैरे काही? पोरं एकमेकांच्या तोंडाकडं बघायलेत. एक म्हणला, "काका, साहेबांचा विधानभवनाच्या पायऱ्यावरचा फोटो टाकलाय की ग्रुपला." काकांनी रजिस्टरमधून मान वर केली आणि म्हणले, दीड वर्षात हे विचारणारे तुम्ही पहिलेच. मला वाटलं कौतुक करायलेत, पण नव्हतं. विधानमंडळाच्या वेबसाईटवर कामकाज असतं, बघून घ्या एवढंच म्हणले. मी अजून बघितलं नाही, खोटं कशाला बोलू.

जाणार असाल तर मंगळवार-बुधवार जा, लग्नाची दाट तिथ बघून टाळा, अधिवेशनाच्या काळात सहीच मिळत नाही. आधार, पासबुक, राशनकार्ड सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स ठेवा आणि खुर्चीवरच्या पोरांना काही न सांगता सरळ काकांच्या टेबलाला जा.

परवा आमची डीपी परत जळाली. आता हरभऱ्याला पाणी द्यायचंय. सोमवारी वीज ऑफिसात आमचा नंबर सहावा होता, काल विचारलं तर नववा झालाय. मधी तीन जण कुणीतरी वर जाऊन चहा पिऊन आलेत.