नवा मिक्सर, की जुन्याच्या जोडीला हँड ब्लेंडर?

मिक्सरचं मधलं भांडं गळायला लागलं की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, जुना देऊन टाका, साडेसातशे वॉटचा चार भांड्यांचा नवा आणू. दुसरा म्हणतो, पाती आणि कपलर (भांडं मोटरला जोडणारी चकती) बदलून घ्या, वाचलेल्या पैशांत हँड ब्लेंडर येतो. आमच्याकडे दीड वर्षापूर्वी हा प्रश्न आला तेव्हा मी दुसऱ्या पक्षात होतो. पहिल्याचं पुढारपण आईकडे होतं, आणि तिचं म्हणणं अगदीच मोडीत काढण्यासारखं नव्हतं.

तिचा मुद्दा एकच: वाटण. ओलं खोबरं, धने, मिरच्या, चिंचेचं बुटुक हे सगळं मऊसूत व्हायला हवं तर मिक्सरच लागतो. हँड ब्लेंडरचं पातं एका टोपणाखाली असतं, त्याला काहीतरी सरबरीत आत ओढून घ्यायला लागतं. खोबरं आत येतच नाही, भांड्याच्या कडेला जाऊन बसतं. मी एकदा हट्टाने करून पाहिलं. दहा मिनिटांनी जे हाती आलं ते आईने चमच्यावर घेऊन पाहिलं आणि म्हणाली, "अरे, हे वाटलंयस की नुसतं घाबरवलंयस?" शेंगदाण्याची चटणी, इडलीचं पीठ, सोलकढीचा नारळ, गोडा मसाला, या यादीवर मी सही करून मोकळा झालो.

शेवटी ज्याचा जन्म ज्यासाठी. आपला मिक्सर याच मुंबईत घडला. सत्य प्रकाश माथुर या इंजिनिअरांच्या पत्नीचा, माधुरीबाईंचा, परदेशी मिक्सर आपल्याकडच्या दळण-वाटणात जळाला, आणि साठच्या दशकात त्यांनी 'सुमीत' बाजारात आणला. हँड ब्लेंडरचं पेटंट त्याआधीचं, १९५० सालचं, स्वित्झर्लंडच्या रॉजर पेरिंजाके यांचं. हळकुंड फोडायची वेळ तिथे कुणावर येत नसावी.

मग मी तरी दुसऱ्या पक्षात का गेलो? टोमॅटोच्या सारामुळे.

संध्याकाळचा स्वयंपाक आमच्याकडे मी करतो. लोकलमधून उतरून घरी पोचेपर्यंत साडेआठ होतात. टोमॅटो उकडले, सालं काढली, आता वाटायचे. तर मिक्सरला ते थंड हवेत. म्हणजे पातेलं पंख्याखाली ठेवून ओट्याशी उभं राहायचं. सगळे भुकेले, भात होऊन बसलेला, आणि आपण टोमॅटोवर फुंकर मारतोय. पावसाळ्यातल्या एका रात्री माझा धीर सुटला. कोमटच आहे असं स्वतःला पटवून मी टोमॅटो भांड्यात ओतले, झाकणावर तळवा दाबला आणि बटण एकवर फिरवलं. गरम पातळ पदार्थ असा एकदम घुसळला की वाफ आणि हवा आत मावत नाहीत, हे शाळेत शिकलो होतो. झाकण तळव्यासकट वर आलं. हात थोडक्यात वाचला. सार मात्र टाइल्सवर, माळ्याच्या दारावर आणि भिंतीवरच्या कालनिर्णयवर. संकष्टीचा चौकोन डिसेंबरपर्यंत केशरी राहिला.

कुणी म्हणेल, झाकणाला भोक असलेलं भांडं घ्यायचं, अर्धंच भरायचं, वर फडकं धरायचं. खरं आहे, तसं करणारे आहेत. पण मला नेमका कंटाळा त्या थांबण्याचाच आहे. हँड ब्लेंडर त्याच पातेल्यात उतरतो. गॅस बंद केला, दांडा बुडवला, अर्ध्या मिनिटात सार तयार. वरून नारळाचं दूध आणि जिऱ्याची फोडणी. मिक्सरचं भांडं नाही, त्याची रबरी रिंग नाही, पात्याखाली अडकलेली टोमॅटोची बी नाही. उंच पेल्यात पाणी आणि साबणाचा थेंब घालून दांडा त्यात फिरवला की धुणं संपलं. (पात्याला बोट लावण्याआधी प्लग काढायचा. हे मी स्वतःलाच रोज बजावतो.)

सार जमलं की बाकीचं आपोआप सुचत जातं. पालक पनीरचा पालक कढईतच. मे महिन्यात पन्ह्याच्या उकडलेल्या कैऱ्या कोयी काढून गुळासकट पातेल्यात. नाचणीच्या आंबिलात झालेल्या गुठळ्या. अळूच्या फदफद्याला मात्र एकदोनच फिरक्या, नाहीतर अळूची चटणी होते. आमरसाबद्दल मी काही बोलणार नाही, घरात शांतता हवी आहे.

जिथे चुकलो तेही सांगतो. पावभाजीत बटाट्यावर हा चालवू नका. बटाट्यातला स्टार्च सुटून भाजी चिकट होते, जवळजवळ खळ. तिथे मॅशरच हवा. आणि वरण! मऊ शिजलेल्या तुरीत ब्लेंडर फिरवला की वर फेस येतो, दाणा राहत नाही, वरण न राहता सूप होतं. आमच्याकडे वरण आणि ताक अजून रवीवरच आहेत. एवढ्यापुरता आईचा पक्ष निर्विवाद जिंकला.

दुरुस्तीतही मिक्सरच सरस वाटतो. कपलर तुटला, तर गल्लीतला माणूस चहा संपायच्या आत बदलून देतो. हँड ब्लेंडरची मोटर गेली की बहुतेक वेळा नवाच घ्यावा लागतो असं मला दुकानदारानेच सांगितलं. शिवाय तो सलग चालवायचा नसतो. मिनिटभर चालवून विसावा द्यायचा, नाहीतर मूठ गरम होते. मी तर अर्ध्या मिनिटावरच थांबतो.

आवाजाचं माप माझ्याकडे नाही. पण सकाळी सहाला मिक्सर लावला की खालच्या मजल्यावरचे आजोबा दुपारी जिन्यात भेटून "आज काय, डोसे?" विचारायचे. ब्लेंडर आल्यापासून त्यांना आमचा मेनू कळेनासा झालाय.

तेव्हा रोज वाटणाची आमटी होत असेल, आणि हातातला मिक्सर खरंच दमला असेल, तर नवा मिक्सरच घ्यावा, यात वाद नाही. पण मिक्सर दोनचारशे रुपयांत उभा राहणार असेल आणि घरात सार, सूप, पालक, लहान मुलाचं खाणं हे आठवड्यातून तीनदा होत असेल, तर मी तरी ब्लेंडरकडे झुकेन. घेताना दांडा स्टीलचा आणि मुठीपासून सुटा होणारा बघा. माझ्या बहिणीने प्लास्टिकचा घेतला. दोन महिन्यांत तो हळदीने इतका पिवळा झाला की पाहुणे आले की ती तो ड्रॉवरमध्ये ढकलते. नॉनस्टिकच्या भांड्यात कुठलाच नको.

आणि मुंबईतल्या विजेच्या वस्तूंच्या बाजारात, लोहार चाळीत, जा किंवा घरबसल्या मागवा, त्याआधी ओट्यावरच्या पॉइंटपासून शेगडीपर्यंतचं अंतर वितीने मोजा. आमच्याकडे ते सात विती भरलं, वायर निघाली पाच वितींची. त्यामुळे पातेलं उचलून पॉइंटपाशी आणावं लागतं, खाली जुनं वर्तमानपत्र घालून. वायर ज्योतीपासून लांब राहते, हे त्यातलं बरं. दांडा चालू असताना पातेल्यातून वर काढला तर मात्र कालनिर्णयची तीच गत होते, तेही करून झालंय.